बाकी मान्य

आमच्या बँकेत कर्जाच्या अर्जावर ‘प्रयोजन’ नावाचा एक रकाना असतो. त्यात म्हैस चालते, पिठाची गिरणी चालते, मुलीचे लग्नही चालते. पण ‘मजा’ असे लिहून अर्ज देणारा इसम वीस वर्षांत माझ्या खिडकीशी आलेला नाही.

म्हणूनच माझ्या भाच्याने घरच्या घरी लाकडी सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर उभे राहायची फळी, करायचे ठरवले, तेव्हा कोल्हापुरात कुणालाच तो रकाना भरता येईना. समुद्र घाटाखाली, आणि रंकाळ्यातली मोठ्यात मोठी लाट म्हशीने उठवलेली! मिस्त्रींनी चित्र उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “सायेब, ह्याला पाय कुठं बसवायचं?”

“पाय आपलेच, मिस्त्री,” भाचा म्हणाला.

मुळात ही फळी हवाई बेटांवरची. तिथले लोक लाटांवर स्वार होतात, हे कॅप्टन कुकच्या सफरीतल्या लेफ्टनंट किंगने 1779 साली लिहून ठेवले. सरदारांच्या लांबलचक फळ्या विलिविलीच्या हलक्या लाकडाच्या असत. ही विलिविली आपल्या पांगाऱ्याची चुलत बहीण. झाड निवडले की बुंध्याशी एक लाल मासा ठेवायचा. झाड पाडल्यावर मुळाशी खड्डा खणून, प्रार्थना म्हणून तो त्यात पुरायचा. 1896 सालच्या एका वृत्तांतात याला झाडाचा मोबदला म्हटले आहे. मग तासणी, प्रवाळाने घासणी, रंग. वापरून झाली की फळी उन्हात वाळवायची, खोबरेल लावायचे, कापडात गुंडाळून घरातच टांगायची.

मी पडलो कारकून. मोबदल्याचा हिशेब मला काही जुळेना. पडलेल्या झाडाला मासा काय कामाचा? शिवाय माशाचाही जीव गेला, तो कुणाच्या नावे टाकायचा? एक कर्ज फेडायला दुसरे काढले, असा हा व्यवहार!

मग आठवला 1963 चा मुदत कायदा. कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो; त्याआधी कर्जदाराने ‘बाकी मान्य’ अशी सही दिली, की मुदत नव्याने सुरू. त्या सहीने एक पैसाही फिटत नाही, फक्त देणे जिवंत राहते. मासा म्हणजे ही सही.

आपण वखारीत घनफुटाचा दर देतो, पावती खिशात घालतो आणि खाते बंद समजतो. पैसे वखारवाल्याला पोचले. झाडाला काय पोचले? चुलीसाठी, छपरासाठी तोडले तर गरज तरी पुढे करता येते. भूक दिवसातून दोनदा देण्याची आठवण करून देते. मजेला मात्र विसरायची मुभा असते. म्हणून मजा करू नये, असे नव्हे. पण सही तिनेच आधी करावी.

त्यासाठी मासाच हवा असे नाही. पांगाऱ्याची फांदी पावसाच्या तोंडाला रोवली तरी रुजते. देणे तिनेही फिटणार नाही. पण पांगारा मोठा झाला की शिमग्याच्या सुमारास लालभडक फुलतो. बाकी लाल शाईत लिहिलेली बरी, नजरेतून सुटत नाही.