वडिलांचे ऋण

“आजोबांनी केले ते आम्ही का भरावे?” फडावर एका तरुण माळकऱ्याने असे रोकडे विचारले. ज्याचे कर्म त्याला, हा तर आपलाच सिद्धांत. मग नातवाच्या माथी आजोबाचे पाप कोण मारील?

कबूल. पण पाप निराळे, ऋण निराळे. बृहस्पतिस्मृतीत बापाचे कर्ज मुलाने व्याजासह फेडायचे आहे, आजोबाचे नातवाने बिनव्याजी. म्हणजे व्याज सुटले, मुद्दल नाही सुटले! आणि घेताना आपण काय सोडले? वीणा घेतली, माळ घेतली, ‘वारी वडिलांपासूनची’ म्हणून मिरवतो. बंद ठेवलेले दार तेवढे ‘त्यांचे त्यांनी पाहावे’! हा हिशेब कुठल्या वहीतला, बाबांनो?

माझ्याच घरचे सांगतो. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरी उपोषणास बसले. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे, एवढेच मागणे. १० मे ला उपोषण सुटले. आमचे आजोबा विरोधकांत होते. मंदिर खुले झाल्यावर ते वारीला जात, चंद्रभागेत स्नान करीत, कळसाला हात जोडून माघारी येत. गाभाऱ्यात पुन्हा गेले नाहीत. घरात ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगत. मीही पुष्कळ वर्षे तशीच सांगितली. ज्यांनी मला मांडीवर घेऊन हरिपाठ शिकविला, त्यांना बोल लावायला जीभ रेटत नाही.

जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट तरुणपणीच नाझींच्या विरोधात होते. १९३३ साली त्यांना देश सोडावा लागला. हात स्वच्छ. तरी ७ डिसेंबर १९७० रोजी वॉर्सा येथे, ज्यूंच्या स्मारकापुढे, ओल्या फरशीवर त्यांनी गुडघे टेकले. मी केले नाही, असे म्हणायला त्यांना पुरेपूर जागा होती. आपण वारकरी उठता बसता एकमेकांच्या पाया पडतो, म्हणून वाकण्याचे आपल्याला फारसे वाटत नाही. घरची गोष्ट खरी सांगणे मात्र जड जाते.

कार्तिकीला नातवाला घेऊन महाद्वाराशी, चोखोबांच्या समाधीपाशी उभा राहिलो. १३३८ साली मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखोबा गेले. नामदेवरायांनी अस्थी इथे आणल्या, अशी परंपरा आहे. जिवंतपणी त्यांना आत जाता आले नाही. हे सांगितले, आणि आजोबांचेही सांगितले, काही न झाकता.

पोर म्हणाले, “मग ते इथे पाया पडत होते का?”

“दर वारीला पडत.”

“आणि तरी?”

मला उत्तर सुचेना. मागून दिंडी आली, तसे आम्ही बाजूला सरलो.