इज्तिहादचे दार खरेच बंद झाले होते का?

इस्लामी कायद्याचा उगम ईश्वरी वचनात मानला जातो. त्याचा फार मोठा भाग मात्र माणसांच्या विचारातून घडला आहे. कुराणात सहा हजारांहून अधिक आयती आहेत. त्यांतल्या कायद्याशी थेट संबंधित आयती अकराव्या शतकातील पंडित गझाली यांनी पाचशेच्या आसपास धरल्या. वारसा, विवाह, काही गुन्हे यांबद्दल त्यांत स्पष्ट सांगितले आहे. पण विहिरीच्या पाण्यावर हक्क कोणाचा, भागीदार मेला तर व्यवहाराचे काय, अशा असंख्य प्रश्नांची तयार उत्तरे तिथे नाहीत. ती कुराण, हदीस (प्रेषितांच्या वचन-वर्तनाच्या नोंदी), विद्वानांचे एकमत आणि सादृश्य यांच्या आधारे शोधावी लागली. या शोधाला इज्तिहाद म्हणतात, तो करण्याची पात्रता असलेल्या पंडिताला मुज्तहिद, आणि आधीच्या मुज्तहिदाचे मत प्रमाण मानून चालण्याला तकलीद. अबू हनीफा (मृत्यू ७६७), मालिक (७९५), शाफई (८२०) आणि अहमद इब्न हंबल (८५५) यांच्या नावाने सुन्नींमध्ये हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली अशा चार परंपरा रूढ झाल्या. त्यानंतरच्या माणसाला नवा इज्तिहाद करता येतो की नाही, हा इस्लामी विचारातला एक जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे.

पाश्चात्त्य विद्यापीठांत या प्रश्नाचे उत्तर बराच काळ ठरून गेले होते. जोसेफ शाख्त यांच्या १९६४ च्या ग्रंथाने ते पक्के केले: इ. स. ९०० च्या सुमारास महत्त्वाचे सारे प्रश्न सुटले अशी समजूत झाली, इज्तिहादचे दार बंद झाले आणि पुढे फक्त तकलीद उरली. १९८४ मध्ये वाएल हल्लाक यांनी एका लेखात हे मत मुळापासून तपासले. दहाव्या शतकातल्या कोणत्याही ग्रंथात असे दार बंद केल्याची नोंद सापडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ‘मुज्तहिदाशिवाय एखादे युग असू शकते का’ हा वाद त्यानंतर बराच काळ चालू होता. हंबली पंडित असे युग संभवतच नाही म्हणत. आमिदींसारख्या (मृत्यू १२३३) इतरांना ते शक्य वाटे. जो प्रश्न निकाली निघाला असे म्हणतात, त्यावर तीनशे वर्षांनीही पंडित भांडत असतील, तर तो निकाली निघालेला नव्हता हे उघड आहे.

व्यक्तींची उदाहरणेही तेच सांगतात. दमास्कसचे इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी एकाच वेळी उच्चारलेले तीन तलाक एकच धरावेत, असे चारही परंपरांच्या रूढ मताविरुद्ध सांगितले. तलाकविषयक फतव्यांमुळे त्यांना तुरुंगात जावे लागले. कैरोचे सुयूती (मृत्यू १५०५) यांनी आपण मुज्तहिदाच्या पदाला पोचलो आहोत असे जाहीर केले आणि समकालीनांचा रोष ओढवून घेतला. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी इज्तिहाद आणि तकलीद यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. शिया पंथातल्या उसूली शाखेने तर सामान्य श्रद्धावानाने हयात मुज्तहिदालाच अनुसरावे असा नियम केला.

या वादाच्या तळाशी एक खोल तात्त्विक प्रश्न आहे आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. दोन पात्र मुज्तहिद एकाच प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे देत असतील, तर बरोबर कोण? शाफईंनी आपल्या ‘रिसाला’ ग्रंथात किब्ल्याचा, म्हणजे नमाजासाठी काब्याकडे तोंड करण्याच्या दिशेचा, दाखला घेतला आहे. काबा नजरेआड असेल, तर प्रवासी तारे, वारा, डोंगर यांवरून अंदाज बांधतो आणि त्या दिशेला तोंड करून नमाज पढतो. दोघांचे अंदाज वेगळे निघाले, तर प्रत्येकाने आपापल्या अंदाजाप्रमाणे उभे राहायचे. दोघांनीही कर्तव्य पार पाडले असे धरले जाते. काबा मात्र एकाच दिशेला असतो. म्हणून एका पक्षाचे म्हणणे असे की ईश्वराकडे उत्तर एकच आहे, चुकणाऱ्याला प्रामाणिक कष्टाचे पुण्य मिळते एवढेच. एका प्रसिद्ध हदीसनुसार बरोबर ठरलेल्या न्यायाधीशाला दोन पुण्ये आणि चुकलेल्याला एक. दुसरा पक्ष याहून धीट आहे. गझाली त्यातलेच. जिथे निःसंदिग्ध वचन नाही, तिथे आधीपासून ठरलेले उत्तरच नसते. मुज्तहिदाने जे मनापासून शोधले तेच त्याच्यासाठी ईश्वरी विधान ठरते. यांपैकी कोणतेही मत धरले, तरी मतभेद हा कायद्याचा दोष राहत नाही, त्याच्या रचनेचाच भाग होतो. एक धर्म, एक शरियत आणि तिच्यात चार परंपरा हे शतकानुशतके शक्य झाले ते यामुळे.

बदल नेहमी इज्तिहादच्या नावानेच होतो, असेही नाही. तकलीद मानणाऱ्यांनीही कायदा बदलला, आणि कधी कधी जास्त परिणामकारकपणे बदलला. सोळाव्या शतकात ऑटोमन साम्राज्यात रोख रकमेचे वक्फ (धर्मादाय निधी) पसरले होते. रक्कम कर्जाऊ देऊन येणाऱ्या वाढाव्यावर मशिदी आणि शाळा चालत. वक्फ स्थावराचा असावा हे हनफी मत, शिवाय व्याजाचा संशय. तरीही शेखुल इस्लाम, म्हणजे साम्राज्याचे प्रमुख मुफ्ती, अबुस्सुऊद यांनी रूढीच्या आणि परंपरेतल्याच जुन्या मतांच्या आधारे त्याला मान्यता दिली. बिर्गिवी या कठोर पंडिताने अखेरपर्यंत विरोध केला, पण प्रथा टिकली.

हिंदुस्थानातले उदाहरण याहून बोलके आहे. हनफी मतानुसार नवरा परागंदा झाला, तर त्याचे समवयस्क मरेपर्यंत बायकोने थांबायचे. अनेक पंडित ही मर्यादा त्याच्या वयाच्या नव्वद वर्षांपर्यंत नेत. म्हणजे तरुण स्त्रीचे सारे आयुष्य संपले. धर्म सोडला की विवाह आपोआप संपतो असे न्यायालये मानत, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबात काही स्त्रिया सुटकेसाठी धर्मच सोडू लागल्या. देवबंदी परंपरेचे अशरफ अली थानवी हे तकलीदचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी मदिनेच्या मालिकी मुफ्तींकडून मते मागवली आणि चार वर्षे वाट पाहण्याचा मालिकी नियम हनफी स्त्रियांना लागू करावा, असा ग्रंथ सिद्ध केला. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात ‘चार वर्षे ठावठिकाणा नसणे’ हे विवाहविच्छेदाचे कारण म्हणून आले, आणि केवळ धर्म सोडल्याने विवाह संपणार नाही हेही त्याच कायद्याने ठरवले.

मग दार बंद असल्याची समजूत इतकी पक्की का झाली? ब्रिटिश न्यायव्यवस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या पुढाकाराने ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचे भाषांतर १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि वादविवादातून वाढलेले शास्त्र न्यायालयांत संहितेसारखे वापरले जाऊ लागले. १८९७ मध्ये एका विधवेचा दावा प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. कुराणातल्या आयतीच्या आधारे तिला एक वर्षाची पोटगी हवी होती. जुन्या मान्यवर भाष्यकारांच्या स्पष्ट मताविरुद्ध न्यायालयाने कुराणाचा स्वतःचा अर्थ लावू नये, असे सांगून तो दावा अमान्य झाला. पंडितांनी कधी एकमताने न लावलेली कडी लंडनच्या न्यायाधीशांनी लावली, असे म्हणणे चुकीचे होणार नाही.

विसाव्या शतकात ही कडी काढण्याचे मार्ग वेगवेगळे निघाले. कवी आणि विचारवंत इक्बाल यांनी इज्तिहादचा अधिकार निवडून आलेल्या विधिमंडळाकडे द्यावा असे सुचवले. माथेरानला जन्मलेले आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले आसफ फैजी (१८९९–१९८१) यांनी कायदा आणि धर्म वेगळे करून पाहावेत अशी मांडणी केली. काझी नुअमान यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ या फातिमी कायदाग्रंथाचे संपादन करणाऱ्या माणसाने ती करावी, याला विशेष वजन आहे. समाजसुधारक हमीद दलवाई यांनी इज्तिहादच्या चौकटीत न शिरता राज्यघटनेतल्या समतेचा आधार घेतला.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला. दोन न्यायमूर्तींनी तो श्रद्धेचा भाग मानून हस्तक्षेप नाकारला, दोघांनी घटनेच्या कलम १४ खाली मनमानी म्हणून तो फेटाळला, आणि कुरियन जोसेफ यांनी कुराणाच्या आयती तपासून तो शरियतच्याच विरुद्ध असल्याचे ठरवले. शरियतचा अर्थ कोणी लावायचा, यावर त्या पाच जणांतही एकमत झाले नाही.