चावी देण्याआधीची भीड

आपल्याकडे घर विकायचं झालं तर दोन्ही बाजूंना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावं लागतं. फोटो, अंगठा, साक्षीदार हे सगळं होतं आणि कोणत्या बँकेच्या कोणत्या धनादेशानं किती रक्कम दिली, याचा तपशील दस्तातच येतो. जुनी गाडी विकताना यातलं काही नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून, एक चक्कर मारून, टायरला लाथ मारून चार-पाच लाखांचा सौदा होतो. आरटीओला नाव कुणाचं लावायचं एवढंच कळवायचं असतं. पैसे पोचले की नाही हे विचारणं त्या कार्यालयाचं काम नाही. मध्ये दलाल नाही म्हणून दोघांचे पैसे वाचतात, आणि मध्ये कुणीच नाही म्हणून दोघांनाही धाकधूक असते.

आपला माल विक्री कायदा १९३० सालचा. त्याची कल्पना अगदी साधी आहे : वेगळं काही ठरलं नसेल तर माल देणं आणि पैसे देणं एकाच वेळी व्हावं, आणि पैसे हाती येईपर्यंत माल ताब्यात ठेवायचा हक्क विकणाऱ्याला असावा. (सायबर फसवणुकीची तक्रार करायचा हेल्पलाइन नंबरही १९३० हाच आहे, हा निव्वळ योगायोग.) भाजीच्या गाडीवर ही कल्पना चालते. मोटारीच्या सौद्यात मात्र तीन गोष्टी हलतात आणि तिन्हींचा वेग वेगळा. चावी क्षणात जाते. पैसे काही सेकंदांत येतात किंवा चेक असला तर वटेपर्यंत लटकतात. नाव बदलायला कधी कधी आठवडे लागतात. जो आपल्या हातातलं आधी सोडतो, धोका त्याचा. म्हणून अशा सौद्यात विचारायला हवा तो प्रश्न एकच : थांबायचं कुणी? आणि नेमका तोच प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, कारण तो विचारणं असभ्य वाटतं.

भीड भिकेची बहीण, असं जुनी माणसं म्हणायची. गाडीच्या व्यवहारात ती बहीण कशी येते ते बघा. शनिवार संध्याकाळ. माणूस बायको-मुलांना घेऊन आलेला, चहा झालेला, धाकटा मागच्या सीटवर जाऊन बसलेलासुद्धा. तो मोबाइल पुढे करतो : "साहेब, पैसे पाठवलेत, हा बघा स्क्रीनशॉट. सर्व्हर डाऊन दिसतोय, तासाभरात येतील. आम्ही निघू का? उजेडात घाट उतरलेला बरा." आता त्या पोराला सीटवरून उतरवून "पैसे जमा झाल्याशिवाय चावी मिळणार नाही" म्हणायचं, तर जीभ रेटत नाही. अडचण अशी की प्रामाणिक माणूसही हेच वाक्य, याच चेहऱ्यानं बोलतो. सर्व्हर खरोखरच डाऊन असतात. त्यामुळे माणूस ओळखता येण्याच्या आपल्या कौशल्यावर विसंबण्यात अर्थ नाही. चावी कधी द्यायची हे भाव ठरतानाच, फोनवर, भीड निर्माण व्हायच्या आत सांगून टाकलं तर पुढे कुणाचा अपमान होत नाही. पार्किंगमध्ये तेच वाक्य आरोपासारखं लागतं.

स्क्रीनशॉटबद्दल फार लिहायला नको. तसं चित्र तयार करणारी बनावट अॅप्स आहेत आणि बँकेच्या भाषेतला एसएमएस कुठल्याही नंबरवरून पाठवता येतो. आपल्या खात्यातली शिल्लक आपल्याच अॅपमध्ये किंवा पासबुकात वाढलेली दिसली, तरच पैसे आले. एक रुपया पाठवून खातं तपासण्याची पद्धत चांगली आहे, पण तोच एक रुपया ठगाचं गळाला लावलेलं आमिषही असतो. तो मिळाला की विश्वास बसतो, मग "उरलेल्या रकमेसाठी हा क्यूआर स्कॅन करा" असा निरोप येतो. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. एकानं दुसऱ्याला पैशाची मागणी पाठवण्याची यूपीआयवरची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण क्यूआरची युक्ती त्यामुळे संपलेली नाही.

रकमेचं गणितही आधीच मांडावं. माणसामाणसातल्या यूपीआय व्यवहाराला साधारण एक लाखाची मर्यादा आहे, त्यामुळे चार लाखांची गाडी एका झटक्यात यूपीआयवर विकली जात नाही. आयएमपीएस पाच लाखांपर्यंत चालतं. दोन लाखांपासून पुढे आरटीजीएस आहे, आणि १४ डिसेंबर २०२० पासून ते रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही सुरू असतं. तरीही रविवारी अडतं, कारण नव्यानं जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ न देण्याची दक्षता बऱ्याच बँका घेतात. खाते क्रमांक आणि आयएफएससी आदल्या दिवशीच द्यावा. २०२५ च्या एप्रिलपासून आरटीजीएस-एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी दिसण्याची सोय आहे, ती घेणाऱ्याच्या धास्तीवर चांगला उतारा आहे.

आधीच्या पिढीला डीडीचा मोठा आधार वाटतो. डीडी खरा असेल तर तो आधार रास्त आहे, पण कागद खोटा करता येतो, आणि त्यावर छापलेल्या फोननंबरवर चौकशी केली तर पलीकडून खोटं बोलणाराही तयार असतो. चेक वटला नाही तर कलम १३८ आहे : तीस दिवसांत नोटीस, पैसे द्यायला पंधरा दिवस, मग कोर्ट. तोवर गाडी दुसऱ्या राज्यात आणि आपण तारखांना. रोख रकमेचं तर कायद्यानंच ठरवून टाकलं आहे. एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, तुकडे केले तरी व्यवहार एकच धरला जातो, आणि दंड, तोही तेवढ्याच रकमेचा, रोख घेणाऱ्याला होतो. "अर्धे कॅश घ्या ना" म्हणणाऱ्याला काही होत नाही, हे विकणाऱ्यानं ध्यानात ठेवलेलं बरं.

पण सगळ्यात वाईट फसवणुकीत समोरासमोरची दोन्ही माणसं सज्जन असतात. तुमच्या जाहिरातीतले फोटो उचलून कुणीतरी तीच गाडी कमी किमतीत दाखवतो. तुम्हाला फोन करून म्हणतो, "काका, माझा मेहुणा गाडी बघायला येईल. त्याच्याशी पैशाचं बोलू नका, आमचा घरचा हिशोब आहे." तिकडे गिऱ्हाइकाला सांगतो, "गाडी काकांच्या नावावर आहे. ते जरा तापट आहेत, किमतीचा विषय काढू नका." ठरल्या वेळी दोघं भेटतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, सर्व्हिसची पुस्तिका उलटतात, आणि सभ्यपणापायी पैशाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. पाहुणा बाजूला जाऊन कुण्या तिसऱ्याच खात्यात तीन लाख पाठवतो आणि चावीसाठी हात पुढे करतो. त्यानंतरच्या भांडणात दोघंही एकमेकांना चोर समजतात. "तुम्ही किती देताय?" एवढा एक प्रश्न पुरला असता. फोनवरच्या माणसाचं सगळं भांडवल म्हणजे तो प्रश्न विचारायला वाटणारा संकोच.

तिऱ्हाइताच्या खात्यातून आलेले पैसे दुसऱ्या कारणानंही नकोत. ती रक्कम आणखी कुणाची तरी लुबाडलेली असेल, तर पोलिसांच्या पत्रावरून तुमच्या खात्यातले पैसे गोठवले जातात आणि गाडी विकल्याची कागदपत्रं घेऊन कधी न पाहिलेल्या शहरातल्या सायबर ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. ज्याच्या नावावर गाडी लागणार, त्याच्याच खात्यातून पैसे यावेत. मित्राच्या, कंपनीच्या, वहिनींच्या खात्यातून नकोत. हा हट्ट वाटला तर वाटू द्यावा.

घेणाऱ्याची भीती खोटी नसते, हेही म्हटलं पाहिजे. लाखो रुपये पाठवून झाल्यावर समोरचा "आरसी सापडत नाही" म्हणाला तर? गाडीवर कर्ज असेल तर त्याची शंका आणखी रास्त. अशा वेळी थकलेली रक्कम त्यानं थेट तुमच्या कर्जखात्यात भरावी, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा (एचपी) उतरवावा आणि उरलेलं तुम्हाला द्यावं. मला यावर सोपी वाटणारी जागा म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी त्याच्या बँकेची शाखा. आरसी, विमा, दोन्ही चाव्या टेबलावर. तो आरटीजीएस करतो, तुम्ही खातं बघता, मग सह्या.

सह्यांचा क्रम इथं कळीचा आहे. फॉर्म २९ मध्ये विकणारा लिहून देतो की गाडी अमक्याला विकली आणि ताब्यात दिली. पैसे मिळण्याआधी त्यावर सही म्हणजे आपल्याच विरुद्ध पुरावा. तरी मालकी बदलाच्या फॉर्मांचा कोरा 'टीटीओ सेट' सही करून देण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे : "तारीख राहू द्या, एजंट भरेल." ऑनलाइन अर्जात विकणाऱ्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी ही त्या सहीचीच नवी आवृत्ती. कोऱ्या फॉर्मवर गाडी चार हात फिरते आणि नोंदीत मालक तुम्हीच राहता. फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला असतो आणि ई-चलान तुमच्या फोनवर येतात. एवढ्यावर भागलं तर नशीब. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की गाडी किती जणांकडे गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदीत नाव असलेला माणूस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर चौदा दिवसांत कळवायचं असतं. पैसे मिळाले म्हणून निर्धास्त झालेले किती जण ते कळवतात? नाव लागेपर्यंत दहा-वीस हजारांची अनामत घेणाऱ्यांना लोक चिकट म्हणतात. मला ते शहाणे वाटतात.

सगळा भार माणसाच्या सावधपणावर टाकून सरकारनं मोकळं व्हावं, हेही पटत नाही. एप्रिल २०२३ पासून अधिकृत वापरलेल्या-गाड्यांच्या विक्रेत्याकडे गाडी सोपवली की फॉर्म २९-सी नुसार तो मानीव मालक ठरतो, आणि देणारा सुटतो. दोन खाजगी माणसांना हा आसरा नाही. पैशाच्या बाजूनंही यंत्रणा आहेच. आयपीओचा अर्ज केला की रक्कम आपल्याच खात्यात अडकून राहते आणि शेअर मिळाले तरच जाते. ही अस्बा पद्धत २००८ पासून चालू आहे. 'वाहन' पोर्टलवर नाव बदलण्याचा अर्ज आणि घेणाऱ्याच्या खात्यातली अशी अडकवलेली रक्कम एकमेकांना जोडायला तांत्रिक अडचण फारशी नसावी. रक्कम अडकली की चावी द्यावी, नाव लागलं की पैसे सुटावेत. मधल्या दिवसांत अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, एवढं कायद्यात लिहावं लागेल, आणि विक्रेत्यांपुरतं ते २९-सी च्या निमित्तानं लिहून झालेलंच आहे.