खुर्ची मिळाल्यानंतरची पाच वर्षे

डिसेंबर २००७ मध्ये विक्रम पंडित सिटीग्रुप या अमेरिकी बँकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, तेव्हा आपल्याकडे अभिमान दाटून आला. नागपूरचा जन्म, दादरची शाळा, सोळाव्या वर्षी अमेरिका, कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि पुढे वित्तशास्त्रात पीएचडी. पुढच्याच महिन्यात भारत सरकारने त्यांना पद्मभूषण जाहीर केले. बँकेच्या कारभाराचा त्यांचा हिशेब तर अजून सुरूही झाला नव्हता. आपण माणसाला पद मिळाले की त्याचे यश पूर्ण झाले असे मानतो. बँकेच्या बाबतीत ही सवय फार महाग पडते.

पंडित सिटीग्रुपमध्ये पायरी पायरीने वर गेले नव्हते. दोन दशकांहून अधिक काळ ते मॉर्गन स्टॅन्लीत होते. २००५ मध्ये तिथून बाहेर पडून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ओल्ड लेन हा हेज फंड काढला. २००७ मध्ये सिटीग्रुपने तो सुमारे ८० कोटी डॉलरना विकत घेतला आणि फंडाबरोबर पंडितही बँकेत आले. गृहकर्जांवर बेतलेल्या रोख्यांत प्रचंड तोटा झाल्याने आधीचे मुख्य कार्यकारी अधिकारी चार्ल्स प्रिन्स नोव्हेंबरात पायउतार झाले, आणि काही महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाच्या हाती बँक गेली. फंड तर २००८ मध्येच गुंडाळावा लागला. विकणाऱ्यांचा मोबदला मात्र त्याआधीच चुकता झाला होता. वित्तव्यवसायात बक्षीस आधी आणि निकाल नंतर, हा क्रम मला अन्याय्य वाटतो.

बँकेला बुडवू पाहणारा तोटा पंडितांनी निर्माण केला नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. पण बँक तगली ती अमेरिकी करदात्यांच्या ४,५०० कोटी डॉलरांवर आणि सुमारे ३०,६०० कोटी डॉलरच्या मालमत्तेला सरकारने दिलेल्या हमीवर. मार्च २००९ मध्ये शेअर एका डॉलरच्याही खाली घसरला. त्याआधीच, फेब्रुवारीत, बँक नफ्यात येईपर्यंत वर्षाला एकच डॉलर पगार घेईन, असे पंडितांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले आणि ते पाळले. त्यांच्या कारकिर्दीत मला सर्वांत आदर वाटतो तो या निर्णयाबद्दल. दुसऱ्याच्या पैशावर उभी असलेली संस्था चालवणाऱ्याने असेच वागायला हवे.

२०१० मध्ये बँक नफ्यात आली आणि सरकारनेही मदतीच्या बदल्यात मिळालेले शेअर फायद्यात विकले. मग पंडितांच्या मोठ्या मेहनतान्याचा विषय परत आला. एप्रिल २०१२ मध्ये भागधारकांची सुमारे ५५ टक्के मते त्याच्या विरोधात पडली. ते मतदान बंधनकारक नव्हते, तरी भागधारकांचा कौल स्पष्ट होता: बँक वाचली, पण त्यांची गुंतवणूक परत आली नव्हती. त्याच ऑक्टोबरात पंडितांनी अचानक राजीनामा दिला.

भागधारक बरोबर होते, असे माझे मत आहे. पुढच्या वेळी जगातल्या एखाद्या मोठ्या बँकेच्या प्रमुखपदी मराठी नाव झळकले, तर अभिनंदन अवश्य करा. सत्कार मात्र ती व्यक्ती पद सोडेल तेव्हा, ताळेबंद वाचून ठरवा.