सरकारी म्हणजे कुणाचं?

मृगाआधी आमच्या गावात घराघरावर माणसं चढतात. कौलं चाळायची, पन्हळीतला पाला काढायचा. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. आरोग्य केंद्राच्या स्लॅबवर मात्र कुणी चढत नसे. ते सरकारी.

मी तेव्हा ग्रामपंचायतीत होतो. बाळंतिणीच्या खोलीत गळतंय म्हणून जिल्हा परिषदेला दोन अर्ज दिले, पोच घेतली, नि माझं काम झालं असं समजलो. पुढच्या आषाढात चुलत बहीण तिथंच बाळंत झाली. काकू रात्रभर खाटेशेजारची बादली रिकामी करत बसली. सकाळी म्हणाली, "अर्ज दिलास रं, पण वर चढून बघितलंस का?"

शिडी लावली. पाइपाच्या तोंडाशी पिंपळाचा पाला नि एक फाटकी चप्पल. स्लॅबवर तळं. अर्ध्या तासात पाणी उतरलं.

साचलेलं पाणी भेगेतून गजापर्यंत जातं, गज गंजला की स्लॅब सुटतो. त्या दुरुस्तीचा पैसा सरकारनंच द्यायला हवा; गावानं झाडू मारला म्हणून त्याची जबाबदारी सुटत नाही. पण त्याची सुटत नाही म्हणून माझी सुटते, असंही नाही. कोनशिलेवर नाव कोरतात. पाला काढणाऱ्याचं कुठंच नसतं. म्हणूनच तर मी चढलो नव्हतो.