सुभद्रेची झोप

भाचीच्या डोहाळजेवणात ती झोपाळ्यावर बसली होती. हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने. ओटी भरायला येणारी प्रत्येक बाई कानाशी लागून तेच सांगत होती, "टेन्शन घ्यायचं नाही हं, बाळावर परिणाम होतो." रात्री सगळे पांगल्यावर तिनं मला विचारलं, "मावशी, टेन्शन येतंय याचंच टेन्शन आलं तर काय करायचं गं?"

मला हसू आलं, पण उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे या विषयाची सुरुवात अभिमन्यूपासून होते. चक्रव्यूहात शिरायचं कसं ते त्यानं पोटात असताना ऐकलं, बाहेर पडायचं कसं ते मात्र राहून गेलं. कारण सुभद्रेला झोप लागली. पोटुशी बाई दमून झोपली आणि मुलाच्या मरणाचं खापर तिच्या झोपेवर फुटलं. सहा-सात महारथींनी मिळून एका पोराला मारलं, त्याचा हिशेब वेगळा राहिला. गर्भसंस्काराचे वर्ग, सीडी आणि ॲप यांचा बाजार आज याच कथेवर उभा आहे. बाळाचं सगळं आईच्या मनावर, आणि मन ताब्यात ठेवणं तिचं काम.

आईच्या ताणाचा बाळाशी संबंध नाही, असं मला म्हणायचं नाही. तो आहे. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. वारेत एक एन्झाइम असतं, ते यातल्या बहुतेक कॉर्टिसॉलचं निरुपद्रवी रूपांतर करतं, त्यामुळे बाळापर्यंत थोडाच अंश पोचतो. वार म्हणजे एक प्रकारे उंबऱ्यावरची राखणदारच. पण ताण दीर्घकाळ टिकला किंवा आईच्या पोटात पुरेसं अन्न नसलं की हा पहारा सैल पडू शकतो. बाळ वेळेआधी जन्मणं, वजन कमी भरणं, पुढे चंचलपणा किंवा चिंतेचा त्रास होणं यांचं प्रमाण अशा आयांच्या मुलांत काहीसं जास्त आढळतं. हे कल आहेत, कुणा एका मुलाचं भाकीत नव्हे.

कोणता ताण, हा खरा प्रश्न. जानेवारी 1998 मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांतावर गोठणारा पाऊस कोसळला. बर्फाच्या ओझ्यानं विजेचे मनोरे वाकले. तीस लाखांहून जास्त लोक ऐन हिवाळ्यात अंधारात सापडले, काही जण महिन्याहून अधिक काळ. त्या वेळी गरोदर असलेल्या बायका आणि नंतर त्यांची मुलं, यांचा माग मॉन्ट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ सुझन किंग यांनी वर्षानुवर्षं ठेवला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या. वीज किती दिवस नव्हती, घर सोडावं लागलं का, हे एकीकडे. आणि बाईला मनातून किती त्रास झाला, हे दुसरीकडे. ज्यांच्या आयांचे प्रत्यक्ष हाल जास्त झाले, ती मुलं दोन आणि साडेपाच वर्षांची असताना भाषेच्या आणि बुद्धीच्या चाचण्यांत सरासरीनं मागे दिसली. तेराव्या वर्षी त्यांच्या रक्तपेशींतल्या जनुकांवरच्या रासायनिक खुणाही या हालांशीच जुळल्या, आईच्या मनःस्तापाशी नाही. इतर काही बाबतींत मनःस्थितीचाही वाटा आढळला, हे खरं. पण अंधाराचे दिवस आईच्या मनानं वाढवले नव्हते.

भाचीला मी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत संशोधक जॅनेट डिपिएट्रो यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निरोगी, खात्यापित्या घरच्या आयांच्या सौम्य चिंतेनं मुलांचं काही बिघडलं नव्हतं; दोन वर्षांची असताना ती थोडी पुढेच होती. ऑफिसची कटकट, सासूशी खटका, रात्री उगाच येणारं रडू, यांचा हिशेब मांडत बसायचं कारण नाही.

हिशेब मांडायचाच तर पुण्याजवळच्या सहा गावांत तो मांडला गेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून तिथल्या बायकांचा अभ्यास केला. बाळांची वजनं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर होती. याच अभ्यासात संशोधक शोभा राव यांनी बायकांची रोजची कामं मोजली : शेतातलं काम, विहिरीवरून पाणी आणणं, धुणं. काम जितकं जास्त, तितकं बाळ लहान, असा कल निघाला. हा ताण ध्यानधारणेनं कसा उतरणार? त्यासाठी डोक्यावरचा हंडाच दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवा.

बीडहून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला एक कोयता म्हणतात. नवराबायको मिळून एक. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे सातव्या महिन्यातली बाईसुद्धा मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात 26 आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे, म्हणजे जवळपास एका गाळप हंगामाएवढी. ती नोकरदार बाईला मिळते, माझ्या भाचीलाही मिळाली. फडातली बाई एक दिवस कोपीवर पडून राहिली, तर मुकादम त्याला खाडा म्हणतो आणि त्याचे पैसे कापतो.