केडगावच्या मुली आणि खेड्यातला पास्टर

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, मेथडिस्टांचा एक गट होता. पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या नव्हत्या. आजही विदर्भातल्या एखाद्या गावात रविवारी अशा मंडळीची उपासना घराच्या पुढच्या खोलीत ढोलकी आणि टाळ्यांच्या साथीने चालते, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून पास्टर प्रार्थना करतो, तेव्हा शेजारपाजारी त्याला ‘परदेशी धर्माचा माणूस’ म्हणून मोकळे होतात. शहरातले शिकलेले ख्रिस्ती लोकही त्याच्याकडे जरा अवघडूनच पाहतात.

नागपूरकरांच्या मनातला मिशनरी म्हणजे स्टीफन हिस्लॉप. १८४५ साली ते नागपुरात आले, शाळा काढली, जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या परंपरा टिपून ठेवल्या आणि सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांच्या नावाचे कॉलेज आजही उभे आहे. हा धर्म शाळेचा, पुस्तकाचा, वादविवादाचा. खेड्यातल्या त्या पास्टरचे मूळ मात्र इथे नाही. ते पुणे जिल्ह्यातल्या केडगावात आहे, दुष्काळातून वाचलेल्या मुलींमध्ये. आणि त्या मुलींचा नागपूरशी संबंध आहे.

१८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. आईवडिलांना दुष्काळातच गमावलेल्या रमाबाईंना उपासमार काय असते हे कुणी सांगायला नको होते. तिथून त्यांनी शेकडो विधवा आणि मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. तेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. सदनात शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. मुली खिळे जुळवीत, कागद दुमडीत, पुस्तके बांधीत.

१९०४ साली वेल्समध्ये धर्मजागृतीची लाट उसळली आणि तिची बातमी केडगावला पोचली. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी सत्तरेक मुलींचा प्रार्थनागट सुरू केला. काही महिन्यांत तो साडेपाचशेवर गेला. जूनच्या अखेरीस एका पहाटे प्रार्थना करणारी एक मुलगी शेजारणीला आगीने वेढलेली दिसली, आणि शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावली. आग नव्हती. पण त्यानंतर लगेच, रमाबाई शास्त्रपाठ शिकवत असताना, मुली मोठ्याने रडत, पापांची कबुली देत, एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना पाठ थांबवावा लागला. १९०६ च्या अखेरीस काही जणी अन्य भाषांत, म्हणजे कधी न शिकलेल्या भाषांत, बोलू लागल्या. मुलींचे गट १९०५ पासूनच आसपासच्या गावांत जाऊन शुभवर्तमान सांगू लागले होते.

पेंटेकॉस्टल पंथाचा इतिहास बहुधा एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकापासून सुरू केला जातो. केडगावची पहाट त्याच्या आधीची आहे. तिचा धागा जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी १९०६ साली या घटनांवर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वालपाराइसोला आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे धाडली. मैत्रिणीचे पती विलिस हूवर मेथडिस्ट पाळक होते. त्यांच्या मंडळीत १९०९ मध्ये तशीच लाट उसळली, पुढच्या वर्षी ते मातृचर्चमधून बाहेर पडले आणि चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. दक्षिण अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या चळवळीच्या उगमाशी मराठी मुलखातल्या अनाथ मुलींची प्रार्थना आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठे नाही. असायला हवे.

रमाबाई स्वतः अन्य भाषांत बोलल्या नाहीत, आणि तसे बोलणे ही पवित्र आत्म्याच्या दानाची एकमेव खूण आहे असेही त्यांनी मानले नाही. तरीही मुलींच्या प्रार्थनेला हिस्टेरिया म्हणणाऱ्या मिशनऱ्यांपुढे त्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. भारतीय ख्रिस्ती माणसाने आपल्या पद्धतीने देवाला हाक मारावी, इंग्रजी शिस्तीत बसून नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. ज्यांचे तोंड लहानपणापासून बंद केले गेले, त्या बायका पहिल्यांदा सर्वांसमक्ष मोठ्याने बोलल्या. त्या आवाजाला वेड म्हणणे सोपे होते. रमाबाईंनी तसे केले नाही. त्यांच्या बायबल भाषांतराइतकाच हा निर्णय मोठा आहे. ते भाषांतर त्यांनी साध्या बायकांना कळावे म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून केले आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्यावर मेहनत घेतली.

‘परदेशी धर्म’ हा संशय पुढे सरकारदरबारीही पोचला. १९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने, म्हणजे नागपुरातूनच, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नेमली. १९५६ च्या अहवालाचा भर परदेशी पैसा आणि प्रलोभन यांवर होता. पैशाचा प्रश्न खोटा नव्हता. मुक्तीलाही अमेरिकेतून देणग्या येत. पण हिशेबाच्या वहीत श्रद्धा सापडत नाही. स्वतः मजुरी करून आठवडाभर घरोघर फिरणारा, दारू सुटलेल्या माणसाच्या साक्षीवर मंडळी उभी करणारा पास्टर कुणाच्या पगारावर नसतो. त्याला वर्गणीतून मिळते ते तांदूळ, भाजी, थोडी रोकड. त्याची श्रद्धा विकत घेतलेली आहे असे म्हणणाऱ्याने त्याचे घर एकदा पाहावे.

अर्थात या श्रद्धेला जाब विचारायलाच हवा. प्रार्थनेने बरे होते, म्हणून औषध टाका असे सांगणारा उपदेशक माणसे मारतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि कायदा धर्म पाहत नाही. चांगला पास्टर आजाऱ्यासाठी प्रार्थनाही करतो आणि त्याला सरकारी दवाखान्याची वाटही दाखवतो. असा पास्टर शोधणे आणि तसे नसणाऱ्याला अडवणे हे मंडळीचेच काम आहे. ते पोलिसांवर ढकलता येणार नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. ज्या चळवळीची सुरुवात गावोगाव उपदेश करणाऱ्या मुलींनी केली, तिच्या बहुतेक मंडळ्यांत आज प्रभुभोजनाची भाकर पुरुष पास्टरच मोडतो. रात्रभर जागून प्रार्थना चालवणाऱ्या, घरभेटींना जाणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या बायका असतात. दीक्षा मात्र त्यांना क्वचितच मिळते. १९०५ मध्ये केडगावच्या मुलींनी गावांत जाण्याआधी कुणा बिशपाची परवानगी मागितली नव्हती. पवित्र आत्मा कुणावरही उतरतो असे मानणाऱ्या मंडळ्यांनी मग मुलीला व्यासपीठापासून दूर ठेवण्याचे कारण काय, हे आपल्या सभासद स्त्रियांना तोंडावर सांगावे.